पुरस्कारविजेते चित्रपट : आवडले, नावडले, पण नेमके कशामुळे?

राष्ट्रीय पुरस्कार, कान, व्हेनिस, ऑस्कर असं काही नावापुढे लागलं की त्या चित्रपटाबद्दलची चर्चा 'अप्रतिम' किंवा 'डोक्यावरून गेला' इथेच थांबते. या धाग्यात त्यापुढे जाऊया. एक चित्रपट घ्या, त्यातला एखादाच प्रसंग घ्या आणि कॅमेरा, आवाज, संकलन, अभिनय यांपैकी कशामुळे तो जमला किंवा फसला ते लिहा. घरी पाहताना काय बिघडतं तेही येऊ द्या, कारण 'संथ आहे', 'ऐकू येत नाही' या तक्रारींचं मूळ पुष्कळदा टीव्हीच्या सेटिंगमध्ये असतं. गोष्ट सांगत बसू नका. शेवट उघड होणार असेल तर आधी तसं लिहा.

सुरुवात मी करतो. 'कोर्ट' (२०१४, चैतन्य ताम्हाणे). व्हेनिसला ओरिझोंती (नव्या वाटांच्या चित्रपटांची स्पर्धा) विभागात सर्वोत्कृष्ट चित्रपट, शिवाय पदार्पणाचा 'लायन ऑफ द फ्यूचर', आणि नंतर सुवर्णकमळ. नेहमीची तक्रार म्हणजे कॅमेरा हलतच नाही. तो हलत नाही म्हणूनच चित्रपट उभा राहतो. एकाच चौकटीत न्यायाधीश, दोन्ही वकील, आरोपी, टंकलेखक आणि पुढच्या खटल्याची वाट पाहणारी माणसं दिसतात. साक्षीदार बोलतो एक, आणि न्यायाधीश त्याचा जो मथितार्थ टंकलेखकाला सांगतात तेवढाच नोंदीत जातो. बोलणाऱ्याच्या चेहऱ्याचा क्लोजअप घेतला असता तर ही गळती दिसलीच नसती. बिनबाह्यांचा पोशाख घातला म्हणून एका बाईंची सुनावणी पुढे ढकलली जाते. तिथेही कॅमेरा जवळ जात नाही, संगीत वाजत नाही. पुढचा खटला पुकारला जातो आणि चीड आपल्यापाशीच राहते.

फोनवर हा चित्रपट पाहू नका, चेहरे नखाएवढे दिसतात. आणि (शेवटाबद्दल) सुट्टी लागते, कोर्ट रिकामं होतं, दिवे बंद होतात, पडदा काळा पडतो. इथे संपला समजून बंद करू नये. त्यानंतरची न्यायाधीशांची सहल हा माझ्या मते चित्रपटाचा खरा निकाल आहे.

रीळ
'संत तुकाराम' (१९३६, प्रभात, दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल). १९३७ साली व्हेनिसला गौरवलेला. 'जुनाट, पात्रं बुटकी दिसतात' असं कोणी म्हणालं तर आधी टीव्हीचा रिमोट मागून घ्या. त्या काळच्या बोलपटाची चौकट साधारण १.३७ : १ असते, आजच्या टीव्हीची १.७८ : १. चित्र ताणून पडदा भरला तर माणसं ३० टक्के रुंद होतात. 'झूम' करून भरला तर वरखालची मिळून २३ टक्के चौकट कापली जाते, म्हणजे बरोबर कपाळ आणि पाय. ४३ इंची टीव्हीवर चित्र सुमारे ७३ सेंमी रुंद दिसायला हवं आणि दोन्ही बाजूंना साधारण ११ सेंमी काळ्या पट्ट्या राहायला हव्यात. पिक्चर साइजमध्ये 'ओरिजिनल' किंवा '४:३' निवडा.

हे केल्यावर जिजाई पाहा. मूल आजारी असताना ती वहाण घेऊन विठोबापुढे उभी राहते त्या प्रसंगात अंगात आलेला राग पायापासून डोक्यापर्यंत दिसला पाहिजे. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम थोर आहेच, पण गौरीबाईंची जिजाई नसती तर चित्रपट आरतीसारखा झाला असता. चमत्कार सगळे तुकोबाच्या वाट्याला आणि घरात खायला काय आहे हा प्रश्न एकट्या जिजाईच्या वाट्याला, ही वाटणी पटकथेतच आहे.

षड्ज
रीळ यांच्या मुद्द्याला आवाजाची जोड. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो. आपल्याकडच्या पाल या जुन्या टीव्ही-पद्धतीच्या प्रती आणि टीव्ही प्रक्षेपण २५ वर चालायचं. वेग ४ टक्के वाढतो, १०० मिनिटांचा चित्रपट ९६ मिनिटांत उरकतो आणि आवाजाची पट्टी अर्ध्या स्वराच्या आसपास चढते. अभंग 'जरा किरटे' का वाटतात याचं हे एक कारण. संगणकावर पाहत असाल तर प्लेअरमध्ये वेग ०.९६ करा. मात्र 'आवाजाची पट्टी कायम ठेवा' असा पर्याय असतो तो आधी बंद करायचा, नाहीतर वेग उतरेल पण सूर चढलेलाच राहील.

याच चित्रपटातलं 'आधी बीज एकले' पुष्कळ जण तुकोबांचा अभंग म्हणून गातात. ते शांताराम आठवल्यांनी लिहिलेलं आहे.

आणि माझी निवड : 'पथेर पांचाली' (१९५५, सत्यजित राय; १९५६ साली कानला 'सर्वोत्तम मानवी दस्तऐवज'). (दुर्गाच्या मृत्यूबद्दल.) दुर्गाचा बाप हरिहर परत येतो आणि तिच्यासाठी आणलेली साडी तिच्या आईच्या, सर्वजयाच्या हातात देतो. ती फोडते तो टाहो आपल्याला ऐकू येत नाही. त्या जागी तारशहनाईवर (गजाने वाजवायचं तंतुवाद्य) वरच्या सप्तकातला पटदीप आहे. रविशंकरांचं संगीत. 'मर्मबंधातली ठेव ही' ऐकत वाढलेल्या कानाला तो राग ओळखीचा, पण इथे तो नुसता सूर राहत नाही, ते आईचं रडणंच होतं. खरा हंबरडा ठेवला असता तर आपण एका अभिनेत्रीकडे पाहिलं असतं. टीव्हीच्या बारक्या स्पीकरवर ही जागा कर्कश लागते आणि लोक आवाज कमी करतात. हेडफोन लावा.

जुन्या प्रती टाळा. मूळ निगेटिव्ह १९९३ साली लंडनच्या आगीत जळाली होती. वाचलेले भाग बोलोन्याच्या प्रयोगशाळेत दुरुस्त करून २०१५ साली ४के प्रत तयार झाली. पावसाच्या प्रसंगातले करड्या रंगाचे थर त्या प्रतीतच नीट उलगडतात.

काळी माती
'फँड्री' (२०१३, नागराज मंजुळे). दिग्दर्शकाच्या पदार्पणाचा इंदिरा गांधी पुरस्कार आणि सोमनाथ अवघडेला बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार. (शेवटाबद्दल आहे.) सगळे शेवटच्या दगडाबद्दल बोलतात. माझ्या मते चित्रपटाचा कणा त्याआधी आहे. डुक्कर अगदी हातातोंडाशी आलेलं असतं आणि शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या (अवघडेने केलेला मुलगा) जागच्या जागी थांबतो, मग घरचेही थांबतात. डुक्कर मात्र थांबत नाही. शाळा चौकटीत नाही, फक्त तिचा आवाज आहे. राष्ट्रगीत चालू आहे तोवर संकलनात घाई नाही, आणि तेवढा वेळ आपणही अवघडून बसतो. पुढे बांधलेलं डुक्कर खांद्यावर घेऊन ते शाळेच्या भिंतीसमोरून जातात तेव्हा मागे आंबेडकर, शाहू, सावित्रीबाई, गाडगेबाबा रंगवलेले आहेत. तिथे एक शब्द नाही.

किशोर कदमांबद्दल एवढंच की त्यांचा कचरू (जब्याचा बाप) चालतो कसा ते पाहा. पाटलासमोरची पाठ वेगळी, घरातली वेगळी.

रिकामी खुर्ची
थोडा विरोधी सूर लावते. पुरस्कार मिळाला म्हणून सगळंच पचवून घ्यायचं कारण नाही. 'श्यामची आई' (१९५३, दिग्दर्शक आचार्य अत्रे) राष्ट्रपती सुवर्णपदकाचा पहिला मानकरी, वनमालाबाईंचं काम आजही टिकून आहे, पण मांडणी नाटकाची आहे. पात्रं येतात, समोर तोंड करून उभी राहतात, बोलतात. अत्रे लेखक म्हणून जितके मोठे, तितकी कॅमेऱ्याची हुकमत त्यात दिसत नाही.

'श्वास'बद्दल (२००४, संदीप सावंत) मत वेगळं. डोळ्याच्या कर्करोगावरचा चित्रपट, रडवायला पूर्ण वाव होता. पण वजन आहे ते दवाखान्याच्या कामकाजावर : रांग, कागद, संमतीची सही, आणि आजारी नातवाला, परशाला हे सांगायचं कोणी आणि कसं. अरुण नलावडे यांच्या आजोबाला डॉक्टरांचं बोलणं एका दमात समजत नाही, तो पुन्हा विचारतो. ते पुन्हा विचारणंच खरं आहे. चित्रपट बाजूला ठेवून एक गोष्ट : लहान मुलाच्या फ्लॅशने काढलेल्या फोटोत बाहुली लालऐवजी पांढरी दिसली तर डोळ्यांच्या डॉक्टरांना लगेच दाखवा. या आजाराची ती पहिली खूण असू शकते.

साऊंडवाला
'रोमा' (२०१८, अल्फोन्सो क्वारोन, व्हेनिसचा गोल्डन लायन, दिग्दर्शन, छायांकन आणि परभाषा विभागाचं ऑस्कर). पार्श्वसंगीत नाही. कॅमेरा सावकाश फिरतो आणि फेरीवाला, कुत्रा, विमान यांचे आवाज त्याच्याबरोबर खोलीभर फिरतात. टीव्हीच्या दोन स्पीकरांवर हे सगळं मधोमध गोळा होतं आणि उरते ती 'काहीच घडत नाही' ही तक्रार.

संवाद पुटपुटल्यासारखे येत असतील तर कोणत्याही नव्या चित्रपटासाठी हा क्रम : आधी ॲपमध्ये ५.१ (सहा स्पीकरांसाठीचा) ऐवजी स्टीरिओ (दोन स्पीकरांचा) ट्रॅक निवडा. मग टीव्हीचं ऑडिओ आउटपुट 'पीसीएम' करा. तरीही नाही जमलं तरच 'नाइट मोड', कारण तो मोठा आवाज दाबतो आणि बारीक आवाज वर काढतो. 'रोमा'तल्या समुद्राच्या प्रसंगाचा त्यात जीव जातो.

रीळ
आणखी एक. चित्र टीव्ही मालिकेसारखं गुळगुळीत दिसत असेल तर टीव्ही २४ चौकटींमध्ये स्वतःच्या चौकटी घुसवतोय. एलजीत ट्रूमोशन, सोनीत मोशनफ्लो, सॅमसंगमध्ये ऑटो मोशन प्लस बंद करा किंवा असल्यास 'फिल्ममेकर मोड' लावा. काही टीव्हींत हे सेटिंग प्रत्येक एचडीएमआय जोडणीसाठी आणि ॲपसाठी वेगळं धरलं जातं, तेव्हा चित्रपट चालू असताना पुन्हा तपासा.

धागाकर्ता
काळी माती, भिंतीवरच्या चित्रांचा मुद्दा फार महत्त्वाचा. रिकामी खुर्ची, 'श्यामची आई'बद्दल पूर्ण सहमत नाही. समोर तोंड करून बोलणं ही त्या काळच्या ध्वनिमुद्रणाचीही अडचण असू शकते. पण मग त्याच तंत्रात १७ वर्षं आधी 'तुकाराम'ची माणसं इतकी मोकळी कशी वावरतात, हे मलाही सुटत नाही. दामले प्रभातचे ध्वनिमुद्रण सांभाळायचे, त्याचा यात वाटा असेल का? षड्ज, साऊंडवाला, यावर लिहा.