रेडिनेस : तयारी, सज्जता की सिद्धता?

प्रश्न : पूरप्रवण गावांसाठीच्या पत्रकात 'रेडिनेस'ला काय लिहावं? मसुद्यात 'पूरसिद्धता' आहे.

– 'सिद्धता' काढाच. मराठी माध्यमात भूमिती शिकलेल्याला सिद्धता म्हटलं की प्रमेयाची सिद्धता आठवते, शिवाय आरोपही 'सिद्ध' होतो. शीर्षकात 'पूरसज्जता' ठेवा. सज्जता म्हणजे माणसं आणि साधनं जागच्या जागी असणं: होडीचं इंजिन चालू करून पाहिलंय, दोर, बॅटऱ्या, लाइफ जॅकेटं मोजून ठेवलीत. तिथवर पोचायला जे करावं लागतं ती पूर्वतयारी, म्हणून आतल्या कामांच्या यादीला तो शब्द द्या. 'तत्परता' यात मिसळू नका. हाक आल्यावर पथक किती लवकर हलतं, ती तत्परता.

– 'तयारी' वापरताना एक धोका आहे, या शब्दात राजीपणाही येतो. 'पैसे द्यायची त्याची तयारी नाही' म्हणजे तो राजी नाही. सर्वेक्षणात 'घर सोडायची तयारी आहे का?' असं विचारलं, तर एकजण सामान बांधल्याचं सांगेल, दुसरा मनाचं सांगेल, आणि दोघांचं 'हो' एकाच रकान्यात पडेल. प्रश्न दोन करा: 'निघायला राजी आहात का?' आणि 'कागदपत्रं, औषधं बांधून ठेवलीत का?' क्रियापदाकडेही लक्ष हवं. तयारी करणं हे काम. 'तयारीत आहे' म्हणजे आता निघणारच. 'तयारीनिशी आला' म्हणजे सगळं जवळ घेऊन आला.

– कोकणातल्या आंब्याचं उदाहरण इथे बसतं. बागेत 'तयार आंबा' म्हणजे पिकलेला नव्हे, तर काढणीजोगा: अजून हिरवा, कडक, पण देठाजवळ खांदे वर आलेले. तो देठासकट काढायचा, नाहीतर चीक सालीवर ओघळून डाग पडतात. मग पेंढ्याच्या अढीत पिकवायचा. हापूस झाडावर फार पिकू दिला तर आत साका होण्याचा, म्हणजे गर पांढरट आणि स्पंजासारखा होण्याचा, धोका वाढतो. गिऱ्हाईक मात्र 'तयार' म्हणजे आजच खाण्याजोगा समजतं. म्हणून पेटीवर 'तयार' लिहू नये, 'कच्चा' किंवा 'पिकलेला' लिहावं.

– गाण्याचंही नोंदवून ठेवा. 'गाण्याची तयारी' म्हणजे मैफलीआधीची जुळवाजुळव. 'गाण्यातली तयारी' म्हणजे रियाजाने कमावलेला गळा, द्रुत लयीतही स्वच्छ निघणारी तान. 'तयारीचा गायक' म्हणतात तो या दुसऱ्या अर्थाने, आणि तिथे 'सज्ज' चालत नाही.