बर्कलीतल्या कला बगाई कोण होत्या?

मेघना: लेकीला युनिव्हर्सिटीत सोडायला अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या बर्कलीला आलेय. डाउनटाउनमध्ये शॅटक अ‍ॅव्हेन्यूपाशी पाटी दिसली, 'कला बगाई वे'. आपल्याकडचं नाव बघून थबकलेच. लेक म्हणते कुणी पुढारी असतील. कुणाला नीट माहितीये का?

श्रीकांत: पुढारी नाही हो ताई, घरसंसार सांभाळणारी बाई. मूळच्या अमृतसरच्या. 1915 ला नवरा वैष्णोदास आणि तीन मुलांसोबत सॅन फ्रान्सिस्कोला उतरल्या, तेव्हा आपल्या बायका तिथे इतक्या कमी की पेपरात त्यांच्या नाकातल्या चमकीची बातमी आली! बर्कलीत घर घेतलं, सामान घेऊन पोचले तर शेजाऱ्यांनी घराला कुलूप ठोकलेलं, पोराबाळांसकट तसेच माघारी फिरले. वैष्णोदासना 1921 ला नागरिकत्व मिळालं पण 1923 ला नागरिकत्व मागणाऱ्या भगतसिंग थिंद यांच्या केसमध्ये तिथलं सुप्रीम कोर्ट म्हणालं की हिंदुस्थानी माणूस कायद्याने 'गोरा' नाही, म्हणजे नागरिकत्वाला पात्र नाही, आणि मग आधी दिलेली नागरिकत्वंही काढून घ्यायला लागले. वैष्णोदासांचंही गेलं, दुकान विकावं लागलं. इकडे हिंदुस्थानात नातेवाइकांना भेटायला यायचं तर म्हणे ब्रिटिश पासपोर्ट घ्या, आणि हा माणूस गदर या स्वातंत्र्यवादी पक्षातला, इंग्रजांचं राज्य नको म्हणून तर देश सोडलेला! 1928 ला त्यांनी जीव दिला. फार वाईट वाटतं हे लिहितानासुद्धा.

प्राजक्ता: थिंद यांचे वकील होते लॉस एंजेलिसचे सखाराम गणेश पंडित, हे नाव आपल्या लोकांना माहीत हवं. केस हरल्यावर सरकार त्यांच्याच 1914 च्या नागरिकत्वावर उठलं. पण ते लढले आणि जिंकले, 1927 ला सुप्रीम कोर्टाने सरकारचं म्हणणं ऐकायलाच घेतलं नाही, त्यानंतर बाकीच्यांवरचे असले खटले थंडावले. वैष्णोदासांचं मात्र तोवर जाऊन बसलेलं.

मेघना: आणि कलाताई? एकट्या तीन मुलं घेऊन?

श्रीकांत: हो, तिथेच राहिल्या. इंग्रजी शिकल्या, तिन्ही मुलांना कॉलेजात घातलं. 1946 ला कायदा बदलून हिंदुस्थानी लोकांना नागरिकत्व खुलं झालं, मग त्याही नागरिक झाल्या. नवीन आलेल्या आपल्या लोकांना घरी जेवूखाऊ घालायच्या. 1983 ला गेल्या. रस्त्याला नाव द्यायचं बर्कलीच्या कौन्सिलने 2020 ला ठरवलं.

मेघना: कुलपाचं वाचून पोटात कालवलं हो. लेकीची भाड्याची खोली त्या पाटीपासून चार गल्ल्यांवर आहे. कालच किल्ली मिळाली, मालकीणबाई स्वतः दार उघडून द्यायला आल्या होत्या.