‘साउंड अँड कलर’नं अलाबामा शेक्सची माती सोडली का?

जुनी_कॅसेट:
परवा गाडीत ‘बॉइज अँड गर्ल्स’ लागला आणि जुनं दुखणं पुन्हा वर आलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: अलाबामा शेक्स हा उत्तर अलाबामातल्या अथेन्स गावचा बँड. गायिका ब्रिटनी हॉवर्ड टपाल वाटायची, गिटारवाला हीथ फॉग घरं रंगवायचा, ड्रमर अणुवीज केंद्रात कामाला. २०१२ साली पहिला अल्बम आला. त्यातलं ‘होल्ड ऑन’ सुरू होतं तेच मुळी ‘बाविशी गाठेन असं वाटलं नव्हतं’ अशा अर्थाच्या कबुलीनं. लगेच पटतं. त्याच वर्षी अमेरिकाना (म्हणजे लोकसंगीत, कंट्री, ब्लूज अशा अमेरिकी मुळांवरचं संगीत) असोसिएशननं त्यांना उदयोन्मुख कलाकाराचा मान दिला.

आणि २०१५ला हा दुसरा, ‘साउंड अँड कलर’. उघडला की आधी व्हायब्राफोन (धातूच्या पट्ट्यांचं वाद्य) टुणटुणतो! मग स्ट्रिंग्ज, मग प्रतिध्वनी, मग अंतराळात एकटाच जागा झालेला कुणीतरी. अरे, गावाकडच्या पोरांनो, तुम्हाला कुणी सांगितलं होतं हे? माझं मत: गाव गेलं, स्टुडिओ उरला.

हायवे_७२:
मी हंट्सव्हिलला सहा वर्षं होतो. तिथून अथेन्स अर्ध्या तासावर. दोन्ही बाजूंना कापूस, मधे चर्च, पेट्रोल पंप, परत कापूस. तोच रस्ता पुढे मसल शोल्स या स्टुडिओंसाठी गाजलेल्या गावाकडे जातो. तुमची ‘माती’ ती हीच ना? मग ऐका. १९६७ साली कृष्णवर्णीय सोल गायिका अरीथा फ्रँकलिन मसल शोल्सच्या फेम स्टुडिओत आली तेव्हा साथीला बसलेली तिथली पोरं गोरी होती. बाहेर वंशभेदाचं ते वातावरण आणि आत हा प्रकार! तिथली माती पहिल्यापासूनच मिसळीची आहे. ब्रिटनीची आई गोरी, वडील काळे. तिनं एकाच कप्प्यात गात राहायचं, हा हट्ट आपला, तिचा नव्हे.

जुनी_कॅसेट:
मसल शोल्स पुढे करून पळवाट काढू नका. ती मंडळी एका खोलीत समोरासमोर बसून वाजवायची. त्या रेकॉर्डवर खोली ऐकू येते. ‘साउंड अँड कलर’वर मला मशीन ऐकू येतं.

बेसूर_बंडू:
त्या मशीनला ग्रॅमी मिळालं हो, ध्वनिमुद्रणाचंच. शिवाय त्यातल्या ‘डोन्ट वॉना फाइट’ गाण्याला दोन. आणि अल्बम बिलबोर्डच्या अमेरिकी खपाच्या यादीत थेट एक नंबरला. चालू द्या तुमचं.

जुनी_कॅसेट:
बंडूशेठ, अल्बमला ग्रॅमी कुठल्या गटात मिळालं तेही सांगा की. अल्टरनेटिव्ह! अमेरिकाना गट तेव्हा होता, पण हे त्यात नव्हतेच. म्हणजे माझंच म्हणणं.

मृण्मयी_ऐकते:
गटाचं लेबल म्हणजे दुकानातल्या बरणीवरची चिठ्ठी. त्यावरून लोणच्याची चव ठरवायची का?

दादा, एकदा हेडफोन लावून ‘गिमी ऑल युअर लव्ह’ ऐका. सुरुवातीला ती इतकी हळू गाते की आपण आवाज वाढवतो, आणि नेमकी तेव्हाच ती फुटते. आवाजाच्या कडा फाटतात, बँड अंगावर येतो, मग पुन्हा चिडीचूप. अर्धं गाणं सरल्यावर लयच बदलते आणि सगळे वेगळ्याच वाटेनं निघतात. हे मशीनचं काम नाही, चौघं एकमेकांकडे बघत असतील तरच जमतं. निर्माता ब्लेक मिल्सनं इतकंच केलं की त्या चौघांभोवती मोकळी जागा ठेवली. पहिल्या अल्बममध्ये मला तीच जागा कमी पडते. सगळीकडे नुसती गर्दी.

त्यातलं ‘जेमिनाय’ हे गाणं मात्र मीही पुढे ढकलते. साडेसहा मिनिटं, कशासाठी?

जुनी_कॅसेट:
‘जेमिनाय’बद्दल धन्यवाद, निदान तिथे तरी एकमत.

पण खरी गोम पुढे आहे. यानंतर कित्येक वर्षं बँडचा तिसरा अल्बम आला नाही. २०१९ला ब्रिटनीनं एकटीचा ‘जेमी’ काढला, वारलेल्या बहिणीच्या नावानं. तो ऐकल्यावर वाटतं, दुसरा अल्बम हा बँडचा नव्हताच, तिच्या एकटीच्या वाटचालीची सुरुवात होती. बाकीचे तिघं पाहुणे.

हायवे_७२:
हा मुद्दा मातीपेक्षा वजनदार आहे, मानलं. पण पाहुणे? बेसवाला झॅक कॉक्रेल आणि ती शाळेतल्या मानसशास्त्राच्या वर्गात भेटले, तेव्हापासून बरोबर वाजवतात. आणि झॅकचा बेस ‘जेमी’वरही आहे. ‘डोन्ट वॉना फाइट’मधून तेवढा बेस काढून बघा काय उरतं ते. तिची ती सुरुवातीची किंचाळी अधांतरी लटकेल.

जुनी_कॅसेट:
बेसचं बरोबर आहे. व्हायब्राफोनचं नाही. आज रात्री हेडफोन लावून बघतो, मृण्मयीताईंच्या शब्दाखातर. ‘जेमिनाय’ वगळून.