कुत्र्याचा डॉक्सीचा कोर्स संपला तरी ताप परत आला, लघवी काळ्या चहासारखी. फोंड्यातल्या कुणाला अनुभव आहे का?

कुळागरातला
नमस्कार मंडळी, आमचा काळू, गावठी कुत्राच आहे, ४ वर्षांचा, कुळागरात (सुपारीच्या बागेत) मोकळाच असतो. चतुर्थीच्या आधी त्याला ताप आला, अंगावर गोचिडी होत्याच, डॉक्टर म्हणाले टिक फीवर, आणि डॉक्सीसायक्लिन २८ दिवस दिलं, एकही डोस चुकवला नाही. मधे छान जेवायला लागला होता. आता परवापासून पुन्हा १०४ ताप, पडवीत एका कोपऱ्यात पडून असतो, पेजसुद्धा हुंगून सोडतो आणि काल लघवी बघितली तर काळ्या चहासारखी. ओठ वर करून बघितला तर हिरड्या पांढरट पडल्यात. परत तीच गोळी सुरू करू का? आई रडायला आलीय. दुसरं म्हणजे वहिनीला पाचवा महिना आहे, घरात मांजरपण आहे, शेजारीण म्हणते मांजर आताच्या आता सोडून द्या. कुणीतरी नीट सांगा.

म्हापशेकर_ताई
गोळी परत सुरू करत बसू नकोस, आजच्या आज घेऊन जा. हिरड्या पांढऱ्या आणि लघवी काळी म्हणजे रक्तातल्या लाल पेशी फुटतायत, यात एक दिवससुद्धा महाग पडतो. आपल्याकडे टिक फीवर हा एकच शब्द सगळे वापरतात पण त्याखाली वेगवेगळे आजार असतात. एर्लिकिया हा जिवाणू, त्याला डॉक्सी लागू पडते. बबेशिया हा प्रोटोझोआ (एकपेशी जीव), मलेरियाच्या जंतूसारखा थेट लाल पेशीत जाऊन बसतो, एकट्या डॉक्सीने तो जात नाही. आणि दोन्ही एकाच गोचिडीतून येतात, त्यामुळे एकाच वेळी दोन्ही असू शकतात, एक बरा झाला की वाटतं सुटलो आणि दुसरा आत तसाच. माझ्या राणी कुत्रीचं अगदी हेच झालं, दीड महिना आम्ही चुकीच्या आजारावर औषध देत होतो, अजून मनाला लागतं ते.

डॉक्टरांना स्पष्ट विचार की कुठला टिक फीवर. रक्ताचा स्मिअर (काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात तो थेंब) कानाच्या टोकाला टोचून पहिल्या थेंबाचा घ्यायला सांग, तिथे जंतू सापडायची शक्यता जास्त. स्मिअर निगेटिव्ह आला म्हणून बबेशिया नाही असं समजू नकोस, पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी) करून घे. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) पण, हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट किती ते कळेल, फार खाली असेल तर रक्त चढवावं लागतं.

वाळपईचो_भुरगो
ताईंचं बरोबर. त्यात पुढे बबेशियाचेही प्रकार आहेत. मोठ्या आकाराच्या बबेशियावर इंजेक्शन बऱ्यापैकी चालतं, पण गिबसोनी म्हणून जी बारीक जात आहे ती चिवट, तिला अॅटोव्हाक्वोन आणि अॅझिथ्रोमायसिन जोडीने देतात, महाग पडतं पण इंजेक्शनपेक्षा रिझल्ट चांगला. तरीसुद्धा जंतू थोडा आत राहू शकतो, म्हणून पुढे कधी स्टेरॉइड (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) द्यायची वेळ आली तर हा आजार झाला होता हे आधी सांगायचं. गिबसोनी कुत्र्यांच्या मारामारीत चावण्यातूनही पसरतो, काळू मोकळा फिरतो म्हणून लिहिलं.

गोचिडीचं पण बघ. फक्त कुत्र्यावरच्या काढून भागत नाही, पोट भरलेली मादी खाली उतरते आणि भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालते. आमच्या पडवीत चिऱ्यांचे सांधे उघडे होते, एकदा टॉर्च मारून बघितलं तर आत खसखशीसारखा तपकिरी ढीग, वर छताच्या वाशापर्यंत बारीक पिल्लं चढत होती. काढलेली गोचीड नखाने चिरडू नका, आणि कुत्र्याला दाताने खाऊ देऊ नका, हेपॅटोझून नावाचा आणखी एक प्रोटोझोआ आहे तो गोचीड गिळल्यामुळेच होतो. परमेथ्रिनवालं औषध कुत्र्याला लावणार असाल तर मांजर लांब ठेवा, मांजराला ते विष आहे.

म्हापशेकर_ताई
हो मांजराचं राहिलं. सोडून वगैरे देऊ नका रे तिला. भीती आहे ती टोक्सोप्लाझ्माची, हा जंतू पोटातल्या बाळाला बाधू शकतो. मांजराला पहिल्यांदा लागण झाली की साधारण १ ते ३ आठवडे शीतून त्याची अंडी पडतात, आणि ती बाहेर पडल्यापडल्या लागत नाहीत, पिकायला १ ते ५ दिवस जातात. म्हणून शीचा ट्रे रोजच्या रोज साफ करायचा आणि ते काम वहिनीने नाही, तू करायचं. मांजराला कच्चं मांस नको. वहिनीने परसात मातीत हात घालायचा नाही, तांबडी भाजी तीन पाण्यातून धुवायची, मटण नीट शिजवायचं, कारण कच्च्या मांसातूनही हा जंतू येतो. तिच्या डॉक्टरणीला टोक्सोची रक्ततपासणी विचारा. काळूचा बबेशिया मात्र वहिनीलाही लागत नाही, मनीलाही नाही.

कुळागरातला
ताई, दादा, खूप खूप आभार. आज सकाळीच नेलं. कानातून थेंब घेतला, पेशींमध्ये बारीक बारीक अंगठ्या दिसल्या, डॉक्टर म्हणाले गिबसोनीच वाटतोय, पीसीआरला पाठवलंय आणि जोडीचं औषध आजपासून सुरू. हिमोग्लोबिन ५.८ आलंय, रक्त लागलं तर भावाचा लॅब्रॅडोर तयार ठेवलाय, त्याचंही रक्त आधी तपासून घेतोय. संध्याकाळी आईच्या हातची दोन घास पेज खाल्ली. बाबा दुपारपासून पडवीचे सांधे सिमेंटने भरतायत.