दुकानाच्या ब्रँडचं ऑर्गॅनिक दूध: शिक्का पुरेसा, की गोठ्याचं नावही हवं?

विरजण

अमेरिकेतल्या मराठी घरांत दही, ताक, पनीर सगळं घरीच होतं. दूध भरपूर लागतं, म्हणून दुकानाच्या स्वतःच्या ब्रँडचं ऑर्गॅनिक दूध परवडतं. पण जे दुकान गोठ्याचं नाव सांगत नाही, त्याला ऑर्गॅनिकचे जादा पैसे देऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

कार्टन हातात घेऊन बघा. यूएसडीएचा (अमेरिकेच्या कृषी खात्याचा) गोल शिक्का, दुकानाचं नाव-पत्ता आणि त्याखाली सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं नाव. शिवाय एक क्रमांक छापलेला असतो, त्याचे पहिले दोन आकडे राज्याचे: ०८ कोलोरॅडो, ३६ न्यूयॉर्क, ४८ टेक्सस, ५५ विस्कॉन्सिन. पुढचे आकडे प्लांटचे. म्हणजे दूध भरलं कुठे ते कळतं, धार काढली कुठे ते कळत नाही. छापलेली संस्थाही दूध भरणाऱ्याला सर्टिफिकेट देणारी. गोठ्याला देणारी वेगळी असू शकते.

यातून काय होतं ते घडून गेलेलं आहे. कोलोरॅडोची ऑरोरा ऑर्गॅनिक डेअरी बड्या दुकानांच्या ब्रँडसाठी दूध भरते. २००७ मध्ये यूएसडीएने तिच्यावर १४ नियमभंगांचा ठपका ठेवला आणि सर्टिफिकेट रद्द करण्याची नोटीस काढली. शेवटी करारावर मिटलं: प्लॅटव्हिलच्या गोठ्यातल्या गायी कमी करायच्या, काही जनावरं ऑर्गॅनिक कळपातून काढायची, वर्षभर देखरेख. इतके दिवस ते दूध पिणाऱ्याला कार्टनवरून यातलं काहीच कळायला मार्ग नव्हता.

गोठेकर

पुढचंही सांगा ना. २०१७ मध्ये वॉशिंग्टन पोस्टने कोलोरॅडोतल्या ग्रीलीजवळच्या त्याच कंपनीच्या मोठ्या गोठ्यावर बातमी केली, की गायी कुरणावर फारशा दिसत नाहीत. यूएसडीएने चौकशी केली, नियमभंग आढळला नाही, प्रकरण बंद झालं. कायदा सगळ्यांना एकच आहे: चराईच्या हंगामात किमान १२० दिवस चराई आणि त्या काळात खाण्यातला सरासरी किमान ३० टक्के कोरडा अंश (चाऱ्यातलं पाणी वगळून उरतो तो भाग) कुरणातून. गायी किती असाव्यात यावर नियमात मर्यादाच नाही.

आणि नावाजलेला ब्रँड म्हणजे शेतकऱ्याचा सखा, असंही नाही. होरायझन हा ऑर्गॅनिक दुधाचा नावाजलेला ब्रँड, दुकानाचा नव्हे. त्याची तेव्हाची मालक डॅनोन. तिने २०२१ मध्ये अमेरिकेच्या ईशान्येकडच्या ८९ गोठ्यांना करार संपवत असल्याचं कळवलं. ब्रँड नावाजलेला होता, तरी गोठे उघड्यावर पडायची वेळ आली.

हिशेबनीस

गोठेकर, तुमचे ३० टक्के बरोबर आहेत, पण ते मोजतात कसे ते बघा. गायीने कुरणात किती खाल्लं हे कोणी तोलत नाही. तिची गरज धरायची, गोठ्यात घातलेला चारा वजा करायचा, उरलं ते कुरणाचं.

उदाहरण घ्या. गरज २० किलो कोरडा अंश. गोठ्यात २४ किलो मुरघास (आंबवून साठवलेला ओला चारा), ५ किलो धान्य, २ किलो वाळलेलं गवत. धान्य आणि गवत ९० टक्के कोरडं धरलं तर ६.३ किलो. मुरघास खरोखर ३५ टक्के कोरडा असेल तर ८.४ किलो. बेरीज १४.७, कुरणाचे राहिले ५.३ किलो, म्हणजे साडेसव्वीस टक्के. नापास. तोच मुरघास वहीत ३० टक्के लिहिला तर ७.२ किलो होतो आणि कुरण ६.५ किलोवर जातं, साडेबत्तीस टक्के. पास! मुरघासाला हात न लावता गायीची गरज २० ऐवजी २१ किलो लिहिली, तरी बरोब्बर ३० टक्के येतात. गाय तीच, कुरण तेच, खोटं बिलही कुठे नाही.

पडताळणी अवघड नाही. १०० ग्रॅम मुरघास मायक्रोवेव्हमध्ये थोडा थोडा वाळवायचा, वजन घटायचं थांबेपर्यंत. ३५ ग्रॅम उरले की उत्तर मिळालं. दुसरी तपासणी जमिनीची. दिवसाला ६ किलो म्हणजे १२० दिवसांत गायीमागे ७२० किलो. एकरी २ टन कोरडं गवत पोटात जातं असं उदार मनाने धरलं, तरी १,००० गायींना ३६० एकर हवेत, तेही धारेच्या जागेपासून चालत जाता येईल इतके जवळ. दिवसातून तीनदा धार काढणाऱ्या गोठ्यात चरायला वेळ कुठून मिळतो, हेही विचारायला हवं.

विरजण

हिशेबनीस, हेच मला म्हणायचं होतं, आकडे तुम्ही दिलेत. यात वासरांचा प्रश्नही जोडा. साधा कळप १२ महिन्यांत ऑर्गॅनिक करता येतो. ही सोय एकदाच वापरायची होती, पण काही ठिकाणी बाहेरून आणलेल्या साध्या कालवडी पुन:पुन्हा याच वाटेने आत घेतल्या गेल्या. जन्मापासून ऑर्गॅनिक कालवड वाढवणाऱ्याला ती महाग पडते; तो स्पर्धेत मागे पडला. २०२२ च्या नियमाने ही वाट बंद केली, पण तोवर अनेक वर्षं गेली होती.

शेवंती

गोठ्याचं नाव नसलं तरी लोण्याच्या रंगावरून ओळखता येतं. चरलेल्या गायीचं लोणी पिवळं, गोठ्यात बांधलेलीचं पांढरट. आणि अल्ट्रा-पाश्चराइज्ड ऑर्गॅनिक दुधाचं पनीर धड होतच नाही, तेव्हा दुधात गडबड आहे हे उघड आहे.

गोठेकर

शेवंती, रंगावर विसंबू नका. पिवळेपणा हिरव्या चाऱ्यातल्या कॅरोटीनचा हे खरं, पण जर्सी जातीच्या गायीचं लोणी होल्स्टीन जातीपेक्षा मुळातच पिवळं असतं, आणि हिवाळ्यात चांगल्या गोठ्याचंही फिकं होतं. पनीर भुसभुशीत होतं त्याचं कारण दुधाला सुमारे १३८ अंश सेल्सिअसवर २ सेकंद तापवलेलं असतं. त्यात दुधाच्या निवळीतली प्रथिनं केसिनला (दुधातल्या मुख्य प्रथिनाला) चिकटतात आणि दाणा घट्ट धरत नाही. साधं पाश्चरायझेशन ७२ अंशांवर १५ सेकंद. ऑर्गॅनिक दूध हळू खपतं, लांब जातं, म्हणून ते जास्त तापवतात. नावाजलेले ब्रँडही तेच करतात. दही मात्र या दुधाचं छान लागतं.

विरजण, गोठ्यांची नावं छापायची कशी? एका टँकरमध्ये अनेक गोठ्यांचं दूध येतं, प्लांटच्या टाकीत आणखी मिसळतं.

विरजण

हे कारण छोट्या गोठ्यांवरून दूध गोळा करणाऱ्या सहकारी संस्थेने दिलं तर पटेल. पण ज्या पुरवठादाराचे स्वतःचे मोजके महाकाय गोठे आणि स्वतःचाच प्लांट आहे, त्याची यादी तर एका ओळीत मावते. दुकान ती ओळ छापत नाही, कारण उद्या पुरवठादार बदलायचा झाला तर गिऱ्हाइकाला कळू नये.

बहिष्कार टोकाचा वाटत असेल तर निदान दुकानाला लेखी विचारा. दूध कोणत्या गोठ्यांचं, प्रत्येक गोठ्यावर धारेच्या गायी किती आणि चराईचे एकर किती? गेल्या हंगामात कुरणाचा वाटा किती टक्के निघाला, मुरघासाचा कोरडा अंश प्रयोगशाळेत तपासला की अंदाजाने धरला? शेवटची विनासूचना तपासणी कधी झाली?

हिशेबनीस

शेवटच्या प्रश्नावर भर द्या. मार्च २०२४ पासूनच्या नियमानुसार सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेने वर्षाला किमान ५ टक्के ठिकाणी न कळवता जायचं आहे. पण ५ टक्के म्हणजे शंभरात पाच. मोठ्या गोठ्याचा नंबर वर्षानुवर्षं न लागणं सहज शक्य आहे. न कळवता जायचं ते मे-जूनमध्ये, दोन धारांच्या मधल्या वेळात. जानेवारीत बर्फात जाऊन चराई काय दिसणार?

गोठेकर

प्रश्न विचारा, मीही विचारेन. बहिष्काराला मात्र माझा विरोध कायम आहे. स्वस्त ऑर्गॅनिकची मागणी घटली तर पहिला फटका महाकाय गोठ्याला बसत नाही. त्याच प्लांटला दूध घालणाऱ्या दीडशे गायींच्या शेतकऱ्याचा करार आधी जातो. आणि एक प्रश्न तुमच्या यादीत घाला: कासदाह झालेल्या किती गायींना अँटिबायोटिक दिलं आणि कळपाबाहेर काढलं? अमेरिकेत एकदा ते औषध दिलं की ती गाय ऑर्गॅनिक कळपात परत येऊ शकत नाही. औषध टाळून तिला आजारी ठेवणंही नियमाविरुद्धच आहे. मोठ्या कळपात हा आकडा शून्य सांगितला, तर तिथे मला पहिली शंका येईल.