चर्चा: जंगल राखणाऱ्या बायांनी स्वतःचे व्हिडिओ स्वतः काढावेत का?

गोदाकाठची_लेक:
नाशिक जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर कोकणा, महादेव कोळी, वारली बाया बांध घालतात, चर खणतात, जंगल राखतात. फोटोत मात्र फीत कापणारेच दिसतात. माझं मत स्पष्ट आहे, फोन त्यांच्याच हातात हवा. शिकायला फार लागत नाही. आधी डोंगर लांबून, मग कुदळीवरचे हात जवळून, मग ती बाई तिच्या बोलीत बोलते. वारा असला तर फोन तोंडाजवळ धरायचा. मे महिन्यात ज्या दगडावर उभं राहून चर टिपला, त्याच दगडावरून पावसाळ्यानंतर पुन्हा टिपायचा. पाणी कुठं मुरलं ते दिसतंच.

नागली_वरई:
माझा विरोध आहे. कसणाऱ्याला जंगलातल्या जमिनीचा हक्क देणारा वनहक्क कायदा २००६ चा. वैयक्तिक दाव्यात, म्हणजे एकेका कुटुंबाच्या जमिनीच्या मागणीत, १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. आज काढलेला व्हिडिओ तिथं काय करणार? मार्च २०१८ मध्ये वनजमिनीच्या हक्कांसाठीही नाशिकहून मुंबईला चालत गेलेल्या शेतकऱ्यांच्या पायांचे फोटो देशानं पाहिले, हळहळ झाली. दावे मात्र एकेक कागद जोडूनच सोडवावे लागतात. पाणी, सरपण, लावणी यातून बाईला तासभर मिळाला तर तिला बसू द्या.

गोदाकाठची_लेक:
तारखेचं खरं आहे. पण याच कायद्याच्या नियम १३ मध्ये जुने बांध, सपाटीकरण आणि वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब हे पुरावे धरलेत. सामूहिक हक्काला तर गावानं पिढ्यान्‌पिढ्या जंगल कसं वापरलं, राखलं तेच सांगायचं असतं. आजी शिवेवरून चालत ओहोळ, टेकडी दाखवते, ते चित्रण समोर ठेवून जबाब लिहिला तर एक कोपराही सुटत नाही. पुढच्या वर्षी ती तो डोंगर चढेल का, सांगता येत नाही.

साग_पळस:
मी पाड्यावरचीच. दोघांनी एक गोष्ट सोडली. आम्ही कंद खणताना व्हिडिओ काढला, तो या ग्रुपवरून त्या ग्रुपवर गेला. आठवड्यात अनोळखी माणसं गाडी घेऊन जागा विचारत आली. तेव्हापासून कंदाची, मधाची, देवाची जागा आम्ही दाखवत नाही. व्हिडिओ आधी ग्रामसभेत लावतो. कोरममध्ये, म्हणजे सभेला लागणाऱ्या किमान हजेरीत, एक तृतीयांश बाया लागतातच, त्या बघतात आणि ठरवतात बाहेर काय जाईल.

नागली_वरई:
हे पटलं. पण फोन कुणाचा? घरात एकच असतो, तोही नवऱ्याच्या खिशात.

साग_पळस:
आमचा बचत गटाचा आहे. ज्या बाईची राखणीची पाळी, तिच्याकडे तो.

नागली_वरई:
मग त्या मुद्द्यावर माझा विरोध नाही. जबाब मात्र लेखीच घ्या, अंगठे-सह्या घ्या आणि ग्रामसभेच्या ठरावाला जोडा. मूळ व्हिडिओ गटाकडे जपून ठेवा, व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली दबलेली प्रत नको.