सल्ला हवा: 'सैतान कोण?' यावर वाचनालयात बोलायचंय, सुरुवात कुठून करू?

खाडीकाठ: आमचं गाव वेंगुर्ले तालुक्यात. वाचनालयात पाऊण तास बोलायचं आहे. समोर हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान सगळेच असतील. गेल्या वर्षी मी देवचाराची गोष्ट सांगितली आणि शेजारची ख्रिस्ती काकू उठून गेली. आमच्या आजोबांनी मला बांधावर नेऊन, विडा ठेवायला लावून सांगितलं होतं, "ह्यो आपलो राखणदार, घाबरूचा नाय." तिला मात्र लहानपणापासून देवचार म्हणजेच सैतान. तिला दुखवल्याचं अजून लागून राहिलंय. यंदा काय घेऊ, काय टाळू?

शेवंतीची वेणी: त्या काकूपासूनच सुरुवात करा. शिंगं-शेपटीची चित्रं नकोत. ख्रिस्ती कोकणीत देवचार म्हणजे सैतान, आणि त्याच पट्ट्यात हिंदूंच्या घरी तो वाट चुकलेल्याला घरी पोचवणारा. गोव्यातल्या फादर स्टीफन्सनी 1616 साली ख्रिस्तपुराण, म्हणजे ख्रिस्ताची गोष्ट ओव्यांमध्ये, छापलं, त्यात स्वर्गासाठी 'वैकुंठ' आहे. धर्म बदलला तरी शब्द गावातलेच राहिले, फक्त कुणाला बढती मिळाली, कुणाची पत गेली.

मग आरवलीच्या वेतोबाकडे या. दुसरीकडे वेताळ म्हणजे भुतांचा राजा, इथे तो ग्रामदैवत. त्याला वाहिलेल्या भल्यामोठ्या चपला जवळून बघितल्यात का? रात्री तो गावाची राखण करत फिरतो म्हणून तळवे झिजतात, असं लोक मानतात. मी लहानपणी त्या चपलेशेजारी माझं पाऊल ठेवून बघायचे.

त्याला जोडूनच 'असुर' घ्या. ऋग्वेदात वरुणालाही असुर म्हटलंय. पारशांच्या अवेस्तात अहुर मज्दा हा परमेश्वर आणि 'दएव' वाईट, म्हणजे आपल्या बरोबर उलट. वाईटाचं टोक तिथे अंग्र मइन्यू, पुढचा अहरिमन. आणि पाडव्याला आपण 'बळीचं राज्य येवो' म्हणतो तो बळीसुद्धा असुरच की.

बंदरावरचा: एक कळकळीची विनंती. इब्लिसला, म्हणजे आमच्याकडच्या सैतानाला, 'पडलेला फरिश्ता' म्हणू नका. कुराणातल्या सूरह कहफमध्ये (18:50) तो जिनांपैकी होता असं स्पष्ट आहे. तो आगीपासून घडलेला. आदमला सजदा करायला त्यानं नकार दिला, कारण आदम मातीचा. आणि कयामतीला तो स्वतःच म्हणेल की माझा तुमच्यावर जोर नव्हता, मी फक्त बोलावलं, तुम्ही आलात (14:22). आमच्या घरी मुलांना हे आवर्जून सांगतात, दोष दुसऱ्यावर ढकलायची वाटच राहत नाही.

पहाटफेरी: बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक सोडू नका. तिथे हिब्रूत 'हा-सातान' आहे, म्हणजे आरोप करणारा. हे विशेषनाम नव्हे, काम आहे. तो देवाच्या दरबारात उभा राहतो आणि देवाच्या परवानगीशिवाय ईयोबाला हात लावू शकत नाही. ल्युसिफर तर लॅटिनमधला पहाटतारा, आपली शुक्राची चांदणी. यशयाच्या 14व्या अध्यायात बाबेलच्या राजाला टोमणा मारताना ती उपमा आलीय, तिचं सैतानाशी नातं नंतर जुळलं. जाळी घेऊन निघणाऱ्यांना ही चांदणी सांगायला नको.

बुद्धाला मोहात पाडायला आलेला 'मार' बोलण्यात घेतलात, तर अजिंठ्याच्या 26व्या लेण्यातल्या शिल्पाचा फोटो दाखवा. मार सैन्य आणि मुलींसह आलाय आणि बुद्धानं फक्त जमिनीला बोटं टेकवलीत. पण त्याला 'बौद्धांचा सैतान' म्हणू नका. तो मोह आणि मृत्यू आहे, देवाचा शत्रू नव्हे.

खाडीकाठ: सगळ्यांचे मनापासून आभार. इब्लिसची चूक मी नक्कीच केली असती. वेतोबा आणि देवचार यांना निम्मा वेळ देतो. त्याआधी रविवारी मिस्सा झाली की काकूच्या पडवीवर जाऊन बसतो. तिच्या आईनं तिला देवचार कसा सांगितला, ते तिच्याच तोंडून ऐकायचंय.